आवाजाच्या उंबरठ्यावरचा पहारा

पेडण्यात दहीकाल्याची रात्र असो की डिचोलीत शाळेचे स्नेहसंमेलन असो, मुख्य कार्यक्रमापूर्वी कर्ण्यावरून गाणी ही लागायचीच. पूर्वी ती तबकडीवरून वाजत. आज बहुधा मोबाइलमधून वाजतात. मोबाइलला अॅम्प्लिफायरशी जोडणारी वायर माणसांच्या पायांखाली तुडवली जाते, ओढली जाते आणि आतल्या आत तिच्या तारा एकमेकींना चिकटतात. अशा वेळी मोबाइलच्या आत काय घडते, याचा आज विचार करू.

मोबाइलमध्ये गाणे साठवलेले असते ते आकड्यांच्या रूपात. त्या आकड्यांपासून कमीअधिक होणारा विद्युद्दाब निर्माण करणारा जो भाग असतो, त्यास डिजिटल-टु-अॅनालॉग कन्व्हर्टर म्हणतात. आपण त्याला परिवर्तक म्हणू. हेडफोनचे भोक नसलेल्या फोनला जे छोटे डोंगल लावतात, त्यांपैकी अनेकांत हा परिवर्तक असतो.

परिवर्तकाच्या पुढे एक इवलासा प्रवर्धक असतो. ठरलेला दाब कायम राखणे, हे त्याचे काम. वायरीत शॉर्ट झाला की दाब शून्यावर येतो. तो पुन्हा उभारण्यासाठी प्रवर्धक अधिकाधिक प्रवाह सोडू लागतो आणि त्याची शक्ती उष्णता होऊन त्याच्याच अंगात मुरते. पुष्कळ चिपांत प्रवाहावर मर्यादा घातलेली असते. परंतु ती किती वेळ टिकेल, हे निर्मात्याच्या माहितीपत्रकातच पाहावे. घरातल्या फ्यूजवर येथे विसंबता येत नाही. तो वितळेपर्यंत नाजूक चिप जळून गेलेली असू शकते.

शॉर्ट केवळ तुटक्या वायरीनेच होतो असे नाही. स्टिरिओच्या भोकात मोनो पिन घातली की उजव्या बाजूचा आवाज थेट अर्थला जोडला जातो. डावी आणि उजवी तार एकत्र पिळून मोनो करण्याची युक्तीही अशीच घातक आहे. दोन्ही प्रवर्धक मग एकमेकांशीच झुंजू लागतात.

यावर उपाय आहे तो काही पैशांचा: प्रत्येक तारेत 1000 ओहमचा एक रोधक. दाब 2 व्होल्ट धरला, तर पुरा शॉर्ट झाला तरी ओहमच्या नियमानुसार प्रवाह 2 मिलिअँपिअरच्या पुढे जात नाही. मोनो करायचे असेल, तर दोन्ही तारा आपापल्या रोधकाच्या पुढे जोडाव्यात. अॅम्प्लिफायरचा अंतर्गत रोध 10,000 ओहम असला, तर दाबाचा सुमारे अकरावा हिस्सा खर्ची पडतो. बटण किंचित फिरवले की त्याची भरपाई होते. मात्र 32 ओहमच्या हेडफोनला ही वायर लावू नये, कारण आवाज जेमतेम ऐकू येईल.

रोधक कोठे बसवावा, हे सर्वांत महत्त्वाचे. तो मोबाइलच्या टोकाला, पिनच्या अगदी जवळ हवा. अॅम्प्लिफायरच्या टोकाला बसवला, तर मधल्या वायरीतील शॉर्ट त्याच्या अलीकडेच राहतो आणि पहारेकरी असून नसल्यासारखा होतो.

धोका उलट दिशेनेही येतो. मिक्सरवर माइकसाठी 48 व्होल्टचा फँटम पुरवठा असतो. त्याच वाटेवर मोबाइल जोडला, तर तो दाब मागे शिरू शकतो. तेव्हा ते बटण बंद ठेवावे, किंवा मध्ये ट्रान्सफॉर्मर असलेली डी. आय. पेटी घ्यावी. ट्रान्सफॉर्मर आवाज पुढे नेतो, स्थिर दाब मागे येऊ देत नाही. यंत्रे तयार करणारे याच हेतूने डायोडही बसवतात. धरणाचा सांडवा जसा पातळी चढल्यावरच वाहतो, तसा डायोड जादा दाबाला बाजूने वाट काढून देतो.

वायर आज ना उद्या तुटणारच. ती तुटल्यावर नवी वायर घ्यावी लागावी, मोबाइल नव्हे, एवढी तजवीज डाग देणाऱ्या कोणाही कारागिराकडून दहा मिनिटांत करून घेता येते.