भोपळा गळतो कशाने?

लाल भोपळ्याचा वेल मांडवावर चढतो. पाने ताटाएवढी होतात. पिवळीधमक फुले लागतात. घरची माणसे आशेने पाहतात. पण चार दिवसांत सुपारीएवढी फळे पिवळी पडतात आणि गळतात. मग कोणी म्हणते, "वेलाला दृष्ट लागली." कोणी मांडवाला काळी बाहुली बांधते. खत-पाणी वेळेवर दिले, तरी असे का व्हावे? आपण कारण पाहू.

भोपळ्याच्या एकाच वेलावर दोन प्रकारची फुले येतात. नर फूल लांब, बारीक देठावर असते. त्याच्या आत पिवळी भुकटी असते. तिला पराग म्हणतात. मादी फुलाच्या खाली लहानसे फळ आधीपासूनच असते. नर फुलातील पराग मादी फुलात पोचला, तरच ते फळ धरते. नाहीतर गळून जाते. सुरुवातीला बहुतेक नर फुलेच येतात. ती गळाली तर घाबरू नये. त्यांचे काम तेवढेच.

हा पराग जड व चिकट असतो. तो वाऱ्याने उडत नाही. तो मधमाशी वाहून नेते. ती गोड रसासाठी एका फुलात शिरते. तिच्या अंगावरच्या लवेला पराग चिकटतो. दुसऱ्या फुलात गेली की तो तेथे लागतो. भोपळ्याचे फूल पहाटे उमलते आणि दुपारपर्यंत मिटते. तेवढ्यात मधमाशी आली नाही, तर ते फळ गेलेच म्हणा!

मग मधमाश्या कमी का झाल्या? वेलाला फुले काही आठवडेच असतात. मधमाशीला मात्र पोट बाराही महिने आहे. आपण बांध तासून काढतो, रानफुले जाळतो, अंगणात फरशी घालतो. मग तिने खावे काय? म्हणून परसात फुलझाडे हवीत.

एक शेतकरी आम्हांला म्हणाले, "गुरुजी, फुलं काय खायची आहेत? ती जागा मिरचीला बरी." त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. जागा थोडी, खाणारी तोंडे जास्त. पण फुलांना वेगळा वाफा लागत नाही. मांडवाच्या कडेची हातभर रुंद पट्टी पुरते.

तेथे ठेंगणी मखमल लावावी. ही झेंडूचीच लहान जात. झाड वीत-दीड वीत वाढते. बी घेताना मात्र एकेरी पाकळ्यांच्या फुलाचे घ्यावे. टपोऱ्या, गच्च झेंडूत नुसती पाकळ्यांची गर्दी असते. मधली बारीक फुले, ज्यांत रस आणि पराग असतो, ती फार थोडी राहतात. हाराला तो झेंडू छान. पण मधमाशी तेथून उपाशी परत जाते.

मृगाचा पाऊस झाला की बी पेरावे. वर बोटाच्या पेराहून कमी माती घालावी. आठवड्यात रोप दिसते. तीन-चार आठवड्यांनी रोपे वीतभर अंतरावर लावावीत. ऊन भरपूर हवे. खत बेताचे द्यावे; जास्त दिले तर पालाच माजतो. पेरल्यापासून सुमारे दोन महिन्यांत फुले येतात. वाळलेली फुले खुडत राहिले, तर नवी येत राहतात. काही फुले पुढच्या वर्षीच्या बियांसाठी ठेवावीत.

मखमलीच्या जोडीला आणखी झाडे हवीत. तुळशीच्या सगळ्या मंजिऱ्या खुडू नका. थोड्या राहू द्या. एखादे सूर्यफूल लावा. त्याच्या एका चकतीत शेकडो बारीक फुले असतात. ती कडेकडून आत काही दिवस उमलत राहतात. बांधावर शेवगा असू द्या. कोथिंबिरीची दोन झाडे फुलायला सोडा. एकाचा बहर सरला की दुसऱ्याचा यावा.

औषध फवारताना जपावे. वेल फुलावर असताना कीटकनाशक मारले, तर किडीबरोबर मधमाशीही मरते. आपलाच मजूर आपणच मारल्यासारखे होते!

मधमाश्या येईपर्यंत एक उपाय आहे. सकाळी लवकर ताजे नर फूल तोडावे. त्याच्या पाकळ्या काढून मधला दांडा मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच फिरवावा. फळ धरते. पण मोठ्या मळ्यात असे किती फुलांना करणार? ते काम मधमाशीचेच.

महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे गाव २०२२ साली 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले. मधाचे मोल सगळ्यांना कळते. पण मधाची पेटी नसलेल्या घरातही मधमाशी रोज राबत असते. तिची मजुरी म्हणजे चार फुले. ती आपण द्यावी. उद्या सकाळी वेलापाशी जा आणि नर फूल कोणते, मादी कोणते, ते मुलांना दाखवा. मग मांडवाची काळी बाहुली खुशाल सोडा.