पेंधरहून निघालेली मोजपट्टी

दुपारचे बारा, तळोजा एमआयडीसी. टेम्पोवाला फोनवर ई-वे बिल उघडतो, वर तळहाताची सावली धरतो, डोळे बारीक करतो. पडदा काळाठिक्कर! आणि नेमका याच वेळी तो फोन आपली सगळी ताकद लावून उजळलेला असतो.

ताकद तरी किती? पडद्याची चमक निटमध्ये मोजतात. एका चौरस मीटरमधून एका मेणबत्तीएवढा प्रकाश आला की झाला एक निट. 2024 चा आयफोन 16 अंधारात 1 निटपर्यंत उतरतो, उन्हात 2000 पर्यंत चढतो. दोन हजारपट! आकार लक्षात घेऊन हिशेब केला, तर तळहाताएवढ्या काचेत अठरा मेणबत्त्या. सिनेमागृहाचा पडदा? त्याचं प्रमाण अवघं 48 निट! त्याच्या चाळीसपट चमक आपण खिशात घालून हिंडतो. पौर्णिमेच्या चंद्राचा चेहरा काही हजार निटचा, म्हणजे फोन थेट चंद्राच्या पंगतीला बसला. (काही जाहिरातींत 4500 निट झळकतात. तो कमाल आकडा सहसा पडद्याच्या इवल्याशा तुकड्यापुरता असतो, म्हणून मी तो हिशेबात धरत नाही.)

मग असा पठ्ठ्या उन्हात हरतो कसा? एका निटला एक मिलिमीटर धरू आणि पेंधर मेट्रो स्थानकाच्या दारातून पट्टी उलगडू. सिनेमाचा पडदा दोन इंचही गाठत नाही. फोन दोन मीटरवर थांबला, उंच माणसाच्या डोक्याच्या जरा वर. आता टेम्पोवाल्याच्या हातातली कागदी पावती घ्या. भर उन्हात पांढरा कागद 25 हजार निटच्या आसपास चमकतो. पंचवीस मीटर! एक्स्प्रेसचा अख्खा डबा मागे पडला. ना बॅटरी, ना चार्जर, साधा कागद फोनला बारापटीने मात देतो!

पुढे चला. जुन्या 100 वॅटच्या बल्बमधली तापलेली तार साधारण 70 लाख निट. पट्टी सात किलोमीटर धावली. पेंधर ते बेलापूर मेट्रोमार्ग 11.1 किलोमीटरचा, त्याचा अर्ध्याहून अधिक भाग एका तारेनं खाल्ला.

आणि डोक्यावरचा सूर्य? सुमारे 160 कोटी निट! पट्टी 1600 किलोमीटर. मुंबई-पुणे पाच वेळा जा, पाच वेळा परत या, तरी शंभर किलोमीटर शिल्लक. सरळ उत्तरेला निघालात, तर मुंबई सेंट्रलहून 1384 किलोमीटरवरचं नवी दिल्ली स्थानक येतं, जातं, आणि पट्टी आणखी दोनशे किलोमीटर पुढे! रुपयांत सांगू? निटला रुपया धरला, तर फोनकडे दोन हजार, सूर्याकडे 160 कोटी. मेणबत्त्यांत? भारतातल्या प्रत्येक माणसाने, तान्ह्या बाळासकट, एकेक मेणबत्ती पेटवून ती सगळी आग एका चौरस मीटरमध्ये कोंबली, तरी सूर्याच्या तेवढ्याच तुकड्याची बरोबरी करायला कोट्यवधी मेणबत्त्या कमी पडतील!