अंगणवाडी की नर्सरी?

मोहल्ल्यातल्या माता आम्हाला विचारतात, "टीचर, तीन वर्षांच्या मुलाला अंगणवाडीत घालू की फी भरून नर्सरीत?" आम्ही आधी अंगणवाडीचा हिशेब सांगतो. २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेत मूल सहा वर्षांचे होईपर्यंत आहार, लसीकरण, तपासणी आणि पूर्वशिक्षण मिळते. गरोदर बाईलाही आहार मिळतो. फ्रान्समधली सरकारी 'एकोल मातेर्नेल' मात्र निव्वळ शाळा. फी नाही, २०१९ पासून तीन वर्षांच्या मुलांना शिक्षण सक्तीचे. जेवणाचे पैसे बहुतेक ठिकाणी पालकच भरतात.

पण तिथे बालवर्गाच्या आणि प्राथमिकच्या शिक्षिकेची पात्रता एक, पगारश्रेणीही एक. आपल्या सेविकाताईंना पगार नाही, मानधन! त्यात वजने, गृहभेटी, आहारवाटप, मोबाइलवर नोंदी. गाणीगोष्टींना वेळ उरणार कधी? घरी उर्दू बोलणारे मूल पहिलीत येऊन गप्प बसते, तेव्हा ही उणीव आम्हाला वर्गात दिसते.

तरी नाव अंगणवाडीतच घाला, लस आणि आहार सोडू नका. फक्त रोज मुलाला विचारा, आज कोणते गाणे म्हटले? आठवडाभर उत्तर मिळाले नाही, तर ताईंशी जाऊन बोला. भांडायला नको, त्यांच्या अडचणीही ऐका.