गोडी दुसऱ्या भाषेची : लेखांक ५
मुर्रीच्या वर्गातली मराठी

मागच्या आठवड्यात आपण भीतीविषयी बोललो. नव्या भाषेत बोलायला उभं राहिलं की येणारा शब्दही आठवेनासा होतो. ही भीती मोजण्यासाठी इलेन हॉर्विट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली ३३ विधानांची प्रश्नावली तयार केली, आणि नंतर कितीतरी वर्षं अभ्यासकांचं लक्ष भीतीवरच राहिलं. भाषा शिकताना होणाऱ्या आनंदाकडे ते फार उशिरा वळलं. त्याविषयी आज लिहायचं आहे, आणि त्यासाठी गोंदिया शहराजवळच्या मुर्रीला जायचं आहे.

दुसरी भाषा म्हटली की आपल्यासमोर इंग्रजीच येते. गोंदियाच्या बाजूला मात्र प्रश्न त्याआधीच सुरू होतो. उत्तरेला मध्य प्रदेशातला बालाघाट, पूर्वेला छत्तीसगड. गोंदिया तालुक्यातल्या कितीतरी घरांत पोवारी बोलतात, बाजारात हिंदी चालते, पलीकडच्या गावांत झाडीबोली, सालेकसा-देवरीकडे गोंडी. अशा घरातून मूल शाळेत येतं आणि पुस्तक प्रमाण मराठीत उघडतं. शिवाय २००० सालापासून पहिलीतच इंग्रजी आहे. पोवारी घरातल्या मुलासाठी पुस्तकातली मराठी ही दुसरी भाषाच असते. शाळा मात्र ती त्याची मातृभाषा धरून चालते. त्यामुळे ‘आहे’च्या जागी त्याने घरचं ‘से’ लिहिलं तर ती चूक ठरते आणि वहीत लाल रेघ उमटते. मुलाला एक भाषा आधीच उत्तम येते, याची नोंद कुठेच होत नाही.

अशा वर्गाकडे परतण्याआधी अभ्यासक आनंदाकडे कसे वळले ते पाहू. १९९८ मध्ये मार्टिन सेलिग्मन अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेचे अध्यक्ष झाले. मानसशास्त्राने माणसाच्या दुखण्यांइतकाच त्याच्या बळाचाही अभ्यास करावा, असा आग्रह त्यांनी धरला आणि सकारात्मक मानसशास्त्राला चालना मिळाली. त्याच सुमारास बार्बरा फ्रेडरिकसन यांनी एक महत्त्वाचा विचार मांडला. भीती माणसाचं लक्ष आवळते. पळावं की गप्प बसावं एवढंच त्याला सुचतं. आनंद आणि कुतूहल लक्ष मोकळं करतात. माणूस करून बघतो, चुकतो, पुन्हा बघतो, आणि त्यातून पुढे उपयोगी पडणारं बळ साठत जातं. पीटर मॅकिन्टायर आणि टॅमी ग्रेगरसन यांनी २०१२ मध्ये हा विचार भाषेच्या वर्गात आणला.

दोन वर्षांनी जाँ-मार्क ड्यूएल आणि मॅकिन्टायर यांनी जगभरातल्या १,७४६ शिकणाऱ्यांकडून प्रश्नावली भरून घेतली. तीत दिसलं की आनंद आणि भीती ही एकाच काठीची दोन टोकं नाहीत. एकाच मुलाला एकाच तासाला दोन्ही वाटू शकतं. म्हणून नुसती भीती घालवून भागत नाही, आनंद वेगळा निर्माण करावा लागतो. ज्यांना जास्त भाषा येत होत्या, त्यांना आनंद अधिक आणि भीती कमी वाटत होती, हेही त्यात आढळलं.

मुर्रीच्या दृष्टीने मला हा शेवटचा निष्कर्ष सर्वांत मोलाचा वाटतो. तीन-चार भाषांच्या सहवासात वाढलेलं मूल खरं तर पुढे असायला हवं. तरीही ते वर्गात मान खाली घालून बसत असेल, तर त्याचं कारण मुलाच्या डोक्यात नव्हे, वर्गात शोधावं. लंडनच्या दोन शाळांतल्या १८९ विद्यार्थ्यांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. भीतीपेक्षा आनंदाचा शिक्षकाशी असलेला संबंध त्यात अधिक घट्ट दिसला. शिक्षक आवडता असणं, त्याने शिकवायची भाषा वर्गात भरपूर वापरणं, तासात काही अनपेक्षित घडणं, यांच्यासोबत आनंद अधिक दिसत होता.

आपल्याकडे हे कसं करावं? भाताच्या रोवणीचे दिवस घ्या. पऱ्हे कसे उपटतात, बांधीत चिखल कसा करतात, हे या मुलांना शिक्षकापेक्षा जास्त ठाऊक असू शकतं. आधी ते पोवारीत सांगू द्यावं, वर्गाने ऐकावं, मग तेच सगळ्यांनी मिळून मराठीत मांडावं. मराठीतलं वाक्य अडखळेल. पण सांगण्याजोगं काहीतरी मुलाजवळ असेल, आणि ते ऐकायला समोर कोणी असेल. लाल रेघेच्या जागी दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी लिहिली, तर मूल फरक स्वतः हेरतं. व्याकरण शिकवायचंच आहे. त्याची वेळ यानंतरची.

एक सावधगिरी मात्र हवी. १,७४६ जणांची ती पाहणी ऑनलाइन होती, स्वेच्छेने भाग घेणाऱ्यांची होती. आनंदामुळे भाषा चांगली येते की भाषा येऊ लागल्यामुळे आनंद होतो, हे अशा पाहणीतून ठरत नाही. बहुधा दोन्ही घडतं. आणि एकाच शिक्षकाकडे दोन-दोन इयत्ता सोपवून त्याच्याकडूनच वर्ग आनंदी ठेवण्याची अपेक्षा करणं अन्यायाचं आहे. शिक्षकाचं स्वतःचं मन हाही या अभ्यासाचा विषय आहे. पुढच्या लेखांकात त्याविषयीच बोलू.