कम्युनिटी कॉलेज: प्रवेश सगळ्यांना, पदवी कोणाला?

अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजात कटऑफ लागत नाही. शालेय शिक्षण पूर्ण केलेल्या कोणालाही तिथे नाव घालता येते. गुण किती, वय किती, मध्ये किती वर्षे खंड पडला, हे कोणी विचारत नाही. इलिनॉय राज्यातल्या जोलिएट गावात १९०१ मध्ये हायस्कूलला जोडून, अवघ्या सहा विद्यार्थ्यांनिशी असे पहिले सार्वजनिक कॉलेज सुरू झाले आणि ते आजही चालू आहे. आता देशभर अशी हजाराच्या आसपास कॉलेजे आहेत. तिथे दोन वर्षांची असोसिएट पदवी मिळते, नर्सिंगपासून मोटार दुरुस्तीपर्यंतची प्रमाणपत्रे मिळतात, आणि पहिली दोन वर्षे तिथे काढून उरलेली दोन विद्यापीठात पूर्ण करण्याची सोय असते. फीही आवाक्यातली. कॅलिफोर्नियात राज्यातल्या रहिवाशाला एका युनिटला, म्हणजे एका क्रेडिटला, ४६ डॉलर पडतात. साठ युनिटांची अख्खी असोसिएट पदवी २,७६० डॉलरांत होते, आणि गरजूंना तेही माफ असते.

साहजिकच ज्यांना दुसरीकडे दार बंद असते ते इथे येतात. घरातून कॉलेजची पायरी चढणारी पहिलीच व्यक्ती, दुकानात रात्रपाळी करणारा तरुण, लहान मूल सांभाळून शिकणारी आई, नुकतेच देशात आलेले कुटुंब. कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि गरीब घरांतल्या विद्यार्थ्यांसाठी उच्च शिक्षणाचा हा एक मोठा रस्ता आहे. पण प्रवेश घेतलेल्यांपैकी निम्म्याहून कमी विद्यार्थी सहा वर्षांत एखादी पदवी किंवा प्रमाणपत्र हाती घेतात, आणि कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांत हे प्रमाण आणखी खाली जाते. ही गळती बरीच वर्षे विद्यार्थ्यांच्या माथी मारली गेली: कच्चे होते, मन लावले नाही, झेपले नाही. गेल्या वीस वर्षांत कॉलेजांच्या स्वतःच्या कारभाराची झडती घेतली गेली, तेव्हा दोषाचा मोठा वाटा तिथे निघाला.

सर्वांत ठळक उदाहरण पूर्वतयारीच्या वर्गांचे. प्रवेश घेतल्यावर विद्यार्थ्याला संगणकावर गणित आणि इंग्रजीची चाचणी द्यावी लागे. ही चाचणी कशासाठी, हेच अनेकांना ठाऊक नसे. कामावरून थेट येऊन ती उरकणारेही असत. त्यात कमी पडले की कॉलेजच्या पातळीचा विषय घेता येत नसे. आधी अंकगणित, मग प्राथमिक बीजगणित, मग त्यापुढचे बीजगणित, अशा पायऱ्या चढाव्या लागत. या वर्गांची फी भरायची, वेळ घालवायचा, पण पदवीच्या खात्यात एकही क्रेडिट जमा होत नसे.

कॅलिफोर्नियातल्या मायरा स्नेल आणि केटी हर्न या दोन प्राध्यापिकांनी या जिन्याचा हिशेब लोकांपुढे मांडला. तो कोणालाही करून पाहता येतो. समजा, शंभर विद्यार्थी तीन पायऱ्या खाली बसवले. प्रत्येक वर्गात शंभरातले सत्तर पास होतात आणि पास झालेल्यांपैकी ऐंशी टक्के पुढच्या वर्गाला नाव घालतात असे धरू. दोन्ही आकडे तसे बरेच म्हणायचे. पहिला वर्ग सत्तर जण पास होतात, दुसऱ्याला छप्पन्न नाव घालतात, एकोणचाळीस पास होतात, तिसऱ्याला एकतीस उरतात. तिथून बावीस पार पडतात आणि खरा कॉलेजचा वर्ग पास होईपर्यंत उरतात जेमतेम बारा. एकाही वर्गात कोणी वाईट शिकवलेले नाही, तरी अठ्ठ्याऐंशी जण गेले. शिकवण्यात सुधारणा केल्याने हा हिशेब फारसा बदलत नाही. पायऱ्याच काढाव्या लागतात.

त्यातही चाचणी भरवशाची नव्हती. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधल्या कम्युनिटी कॉलेज संशोधन केंद्राने २०१२ मध्ये दाखवून दिले की गणितात सुमारे चौथा हिस्सा आणि इंग्रजीत सुमारे एकतृतीयांश विद्यार्थी साफ चुकीच्या वर्गात टाकले जात होते, आणि बहुतेक वेळा चूक त्यांना खाली ढकलण्याचीच होती. शाळेतल्या चार वर्षांचे गुण तासाभराच्या चाचणीपेक्षा विद्यार्थ्याची कुवत अधिक खरी सांगत होते. कृष्णवर्णीय आणि लॅटिनो विद्यार्थी या खालच्या वर्गांत अधिक संख्येने अडकत. म्हणजे दाराशी समान वागणूक आणि आत शिरताच वेगळी रांग.

कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये कायदा करून ही रांग मोडली. एबी ७०५ या नावाने तो ओळखला जातो. शाळेतले गुण पाहा आणि विद्यार्थ्याला थेट विद्यापीठात धरल्या जाणाऱ्या वर्गात बसवा, गरज असेल तर त्याच टर्ममध्ये जोडवर्ग देऊन आधार द्या, असा त्याचा आशय. टेनेसी राज्यानेही त्याआधी जोडवर्गांची पद्धत आणली होती. कॅलिफोर्नियात पहिल्याच टर्ममध्ये हे गणित आणि इंग्रजी पार करणाऱ्यांचे प्रमाण दुपटीहून अधिक वाढले. वाद मात्र संपलेला नाही. वरच्या वर्गात नापास होणारेही संख्येने वाढले, ही गणिताच्या अनेक प्राध्यापकांची तक्रार खोटी नाही, आणि वंशावंशांतली दरी पूर्ण बुजलेली नाही. तरीही पूर्वी जे वर्गाच्या दारापर्यंतच पोहोचत नसत ते आता आत बसून पास होतात, याचे पारडे जड आहे.

पण अडथळा एकच असतो असे नाही. बसभाडे नसते, पुस्तक परवडत नाही, कोणता विषय घ्यावा हे सांगणारे कोणी नसते. न्यूयॉर्क शहराच्या क्युनी या सार्वजनिक विद्यापीठाने २००७ मध्ये या सगळ्यावर एकदम हात घातला. असॅप नावाच्या या योजनेत शिष्यवृत्तीनंतर उरलेली फी माफ होती, पाठ्यपुस्तके मोफत होती, आणि महिन्याचा मेट्रोचा पास मिळे. तो हवा तर योजनेत सहभाग टिकवावा लागे. सर्वांत मोलाचा होता सल्लागार. इतर ठिकाणी एका सल्लागाराच्या वाट्याला सहाशे ते दीड हजार विद्यार्थी, तर इथे साठ ते ऐंशी. एवढ्यात प्रत्येकाचे नाव, नोकरीची वेळ, रखडलेला विषय माणसाच्या लक्षात राहतो. विद्यार्थी वर्ग बुडवायला लागताच फोन जाई.

एमडीआरसी या संशोधन संस्थेने ८९६ विद्यार्थ्यांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी करून ही योजना तपासली. तीन वर्षांत योजनेतले ४० टक्के पदवीधर झाले, बाहेरचे २२ टक्के. दर विद्यार्थ्यामागे खर्च बराच वाढला, पण पदवीधर इतके वाढले की दर पदवीमागचा खर्च उलट कमी आला. पुढे ओहायोतल्या तीन कॉलेजांतही जवळपास तसाच परिणाम दिसला. अर्थसंकल्प मात्र बऱ्याच ठिकाणी विद्यार्थीसंख्येवर आखले जातात, पदवीधरांच्या संख्येवर नव्हे. म्हणून इतका चांगला पुरावा असूनही योजना फार पसरली नाही.

टेक्सासमधल्या अमॅरिलो कॉलेजने आणखी वेगळी सुरुवात केली. तुम्हाला काय नडते, असे विद्यार्थ्यांनाच विचारले. उत्तरांत जेवण, घरभाडे, मुलांची सोय, प्रवास, विजेचे बिल हे अभ्यासापेक्षा वर होते. कॉलेजने आवारातच मदत केंद्र थाटले, तिथे समाजसेवक बसवले, धान्य-किराण्याची कपाटे भरली, अडीनडीला हातात पडेल असा निधी ठेवला. २०२३ मध्ये कम्युनिटी कॉलेजांसाठीचे अ‍ॅस्पेन पारितोषिक या कॉलेजला इम्पीरियल व्हॅली कॉलेजबरोबर विभागून मिळाले.

विद्यापीठाकडे जाणारी वाट अजून खडतर आहे. प्रवेश घेणाऱ्यांपैकी सुमारे ऐंशी टक्क्यांना चार वर्षांची पदवी हवी असते. सहा वर्षांत ती हाती येते सोळा टक्क्यांच्या आसपास. एका कॉलेजची क्रेडिटे अनेकदा दुसरीकडे धरली जात नाहीत, शिकलेलाच विषय पुन्हा शिकावा लागतो. फ्लोरिडातल्या व्हॅलेन्शिया कॉलेजने शेजारच्या सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाशी करार करून आपल्या पदवीधरांना तिथे प्रवेशाची हमी दिली. असे करार सगळीकडे नाहीत.

आणि न्यूयॉर्कच्या असॅपची एक अट बहुसंख्यांना बाहेर ठेवते: पूर्णवेळ शिकले पाहिजे. कम्युनिटी कॉलेजातले बहुतेक विद्यार्थी अर्धवेळ शिकतात, कारण घर त्यांच्या पगारावर चालते. त्यांच्यासाठी अमॅरिलो आणि टेक्सासमधल्याच ओडेसा कॉलेजांनी सोळा आठवड्यांच्या टर्मचे आठ-आठ आठवड्यांचे दोन भाग केले. चार विषय एकाच वेळी ओढण्याऐवजी दोन घ्यायचे, ते संपवायचे, मग पुढचे दोन. मध्येच मूल आजारी पडले किंवा नोकरी गेली, तरी बुडते ते दोन महिन्यांचे काम. आधी संपवलेले विषय खात्यावर राहतात आणि पुढच्या भागात पुन्हा नाव घालता येते.