संत्र्याचे कलम घेताना खुंट विचारा

शहापूर हे भंडारा-नागपूर रस्त्यावरचे गाव. पश्चिमेला नागपुरी संत्र्याचा मुलूख, भोवती आपल्या धानाच्या बांध्या. धानाला जोड म्हणून उंचवट्याच्या तुकड्यात संत्रा लावायचे मनात असेल, तर कलम घेण्याआधी एक प्रश्न जरूर विचारा : खुंट कोणता?

कलम म्हणजे दोन झाडांचा जोड. वर डोळा संत्र्याचा, खाली मुळे दुसऱ्याच झाडाची. फळ डोळ्याच्या जातीचे येते. पण माती, पाणी आणि मूळकूज यांच्याशी झुंजावे लागते ते खुंटाला.

विदर्भात जंभेरी आणि रंगपूर लिंबू हे दोन खुंट चालतात. जंभेरीचे रोप जोमदार, डोळा भरायला लवकर तयार होते. झाडही मोठे होते. मात्र पाणी साचले की त्याची मुळे कुजतात, बुंध्यावर डिंक्या येतो. रंगपूर लिंबू डिंक्यापुढे जंभेरीपेक्षा जास्त तग धरतो. पाण्याचा ताणही सोसतो. आपल्याकडे वर्षाला सुमारे १३०० मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. म्हणून आपल्यासाठी रंगपूर लिंबू बरा. तरीही धानाच्या बांधीत कोणताच खुंट जगायचा नाही. निचऱ्याची, मीटरभर खोल जमीनच निवडा.

रोपवाटिकेत जाऊन वाफा पाहा. या लिंबांच्या एका बीतून दोन-तीन रोपे निघतात. त्यांतली बहुतेक आईच्याच गुणांची असतात, एखादे वेगळे निघते. खुरटलेली आणि वेगळ्या पानांची रोपे उपटून टाकलेली असावीत. डोळा जमिनीपासून निदान ९ इंच उंचीवर भरलेला हवा. लावताना हा जोड मातीत गाडू नका. पावसाळ्यापूर्वी आणि नंतर बुंध्याला बोर्डो मलम लावा : मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १० लिटर.

खुंटाची चूक पहिल्या वर्षी दिसत नाही. बाग फळावर येते तेव्हा झाडे पिवळी पडू लागतात. तोवर पाच-सहा वर्षांचा पैसा आणि घरच्या माणसांचे कष्ट मातीत गेलेले असतात. म्हणून दोन रुपये जास्त पडले तरी चालतील, पण कलमे सरकारमान्य रोपवाटिकेतूनच घ्या आणि पावतीवर खुंटाचे नाव लिहून मागा.