पीटी आणि लंगर एकाच कागदावर

"सर, रोज पाच किलोमीटर चालतो, तरी पोट का उतरत नाही?" हा प्रश्न मला इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद, सगळीकडून येतो. आज त्याचंच उत्तर.

आधी हिशेब. ७० किलो वजनाचा माणूस पाच किलोमीटर चालला की सुमारे २५० कॅलरी खर्च होतात. एका वडापावात साधारण तेवढ्या किंवा थोड्या जास्तच असतात. परतताना कोपऱ्यावर थांबलात की हिशेब बरोबरीत सुटला. इंदूरकरांनी हसू नये, पोहे-जिलबीचा हिशेब याहून कडक आहे! चालणं वाया जात नाही. हृदयाला, रक्तातल्या साखरेला, झोपेला त्याचा फायदा होतोच. पण नुसत्या चालण्यावर पोट उतरवणं फार कठीण.

मग लोक दुसरं टोक गाठतात आणि जेवण तोडतात. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त सुभेदारसाहेबांनी रात्रीचं जेवण बंद केलं. तीन महिन्यांत आठ किलो उतरले, घरचे खूश. पुढे एका लग्नात पंगतीला मांडी घालून बसले, तर उठताना दोघांना हात द्यावा लागला. असं का? अन्न कमी पडलं की शरीर चरबी जाळतं, पण सोबत स्नायूही मोडून खातं. जो स्नायू वापरात नाही आणि ज्याला पुरेसं प्रथिन मिळत नाही, तो आधी जातो. वयानुसार स्नायू घटत असतातच, साठीनंतर तर वेगानं. वजनकाट्याला यातलं काही कळत नाही. तो फक्त आठ किलो दाखवतो. जिना चढणं, पाय घसरला तर तोल सावरणं, संडासात बसून उठणं हे सगळं त्या स्नायूंवर आहे.

फौजेत पीटी आणि लंगर एकमेकांना धरून चालतात. रेशनचं प्रमाण ठरलेलं असतं आणि अति उंचीवरच्या जवानाचं रेशन वेगळं असतं, कारण तिथे शरीराचा खर्चच वेगळा. निवृत्तीनंतर पीटी सुटते, भूक मात्र लंगरचीच राहते. फौजेबाहेरही तेच. आजोबा नांगर धरून जेवढं खात, तेवढंच नातू खुर्चीत बसून खातो.

म्हणून दोन्ही गोष्टी एकाच कागदावर लिहा. डावीकडे व्यायाम. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रम आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते. पाच दिवस अर्धा तास झपझप चाललात की पहिला भाग झाला. दुसरा भाग बहुतेक जण सोडून देतात, आणि खरी मेख तिथेच आहे. सोमवार-गुरुवार धरा. हात न टेकता खुर्चीवरून उठबस, भिंतीला हात लावून दंड, पाठीवरच्या पिशवीत दोन-तीन किलो तांदूळ घेऊन पायरीची चढउतार. प्रत्येकी दहा वेळा, तीन फेऱ्या. शेवटचे दोन जड गेले पाहिजेत. बारा सहज जमू लागले की वजन वाढवा. जिमची गरज नाही.

उजवीकडे ताट. आयसीएमआरच्या शिफारशीनुसार रोज किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिन लागतं, म्हणजे ७० किलोला ५८ ग्रॅम. साठीनंतर अनेक तज्ज्ञ किलोमागे १ ते १.२ ग्रॅम सुचवतात. आता आपलं ताट पाहा. वाटीभर वरणात सहा-सात ग्रॅम, दोन पोळ्यांत पाच-सहा, वाटीभर दह्यात चार-पाच. दोन्ही वेळचं धरूनही पस्तिशीच्या आसपास थांबतो. ही तूट दोन अंडी (१२ ग्रॅम), १०० ग्रॅम पनीर (१८), ५० ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्या (२५), मासे किंवा घट्ट उसळ यांनी भरा. पावडरचा डबा आणलाच पाहिजे असं नाही.

हे वाढवताना काहीतरी काढावं लागेल. दुसऱ्यांदा घेतलेला भात, चहाबरोबरचं फरसाण, भाजीवरचा तेलाचा तवंग. भर धरूनही रोज ३०० कॅलरी कमी पडल्या तर महिन्याला सव्वा किलोच्या आसपास चरबी उतरते, कारण किलोभर चरबी म्हणजे अंदाजे ७,७०० कॅलरी. वेग कमी वाटेल, पण याच वेगात स्नायू टिकवणं सोपं जातं.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. जेवण कमी आणि श्रम जास्त झाले की साखर एकदम खाली जाऊ शकते. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनही विचारूनच वाढवा.

दर पंधरा दिवसांनी दोनच नोंदी करा: कमरेचा घेर आणि अर्ध्या मिनिटात हात न टेकता होणाऱ्या उठाबशा. आपल्याकडे पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर ही घेराची मर्यादा मानतात. महिनाभर घेर हलला नाही तर एक पोळी कमी करा. घेर उतरतोय पण उठाबशाही घटताहेत, तर जेवण फार तोडलंय. तेव्हा पोळी परत घ्या आणि सोमवार-गुरुवार चुकतोय का ते तपासा.